१.८ चं इंजिन २ लिटर करायचंय? आधी टर्बो आणि गिअरबॉक्स बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय.

दिवाळीत गावी, आखाडा बाळापूरला गेलो होतो. हिंगोली–नांदेड रोडवर चहा घेताना शाळेतला मित्र भेटला. त्याने सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया घेतलीय, १.८ टीएसआय. कप खाली ठेवायच्या आत प्लॅन सांगून मोकळा: "इंजिन उघडून २ लिटर करतो, वर मोठा टर्बो. ३०० हॉर्सपॉवर! दोन वर्षांच्या सोयाबीनचे पैसे बाजूला ठेवलेत. तू इंजिनिअर ना, सांग कसं करू?" मी सॉफ्टवेअरवाला, पण गावात बीटेक म्हणजे बीटेक. बोअरची मोटर जळाली तरी मलाच फोन येतो.

तर आधी सीसी म्हणजे काय. सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर, आणि पिस्टन वरखाली जेवढं अंतर जातो तो स्ट्रोक. सीसी वाढवायचे दोनच रस्ते: बोअर वाढवा नाहीतर स्ट्रोक वाढवा. जुन्या स्प्लेंडरला बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात ते तुम्ही बघितलंच असेल. तिचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी. अर्धा मिमी बोअर मारला की होतात साधारण ९९. दोन सीसीने काय फरक पडणार? ती दुरुस्ती आहे, पॉवर वाढवणं नाही. टर्बो इंजिनात तर बोअर वाढवला की सिलिंडरची भिंत पातळ होते, आणि टर्बोचा दाब त्याच भिंतीवर येतो.

मित्राच्या गाडीत रस्ता दुसरा आहे. १.८ आणि २.० टीएसआय ही एकाच घरातली भावंडं. दोघांचा बोअर ८२.५ मिमी. स्ट्रोक मात्र १.८ चा ८४.१ आणि २.० चा ९२.८. फक्त ८.७ मिमीने १७९८ चे १९८४ सीसी होतात. म्हणजे क्रँकशाफ्ट बदलायचा. पण तेवढ्यावर भागत नाही. जुनेच रॉड-पिस्टन ठेवले तर पिस्टन वर ४.३५ मिमी जास्त येईल आणि थेट हेडला धडकेल. म्हणून रॉड किंवा पिस्टनही बदलावे लागतात. कॉम्प्रेशन वाढलं की नॉकिंगची भीती, त्यामुळे पिस्टनचा माथा कसा आहे तेही बघावं लागतं.

आता खरा मुद्दा. सीसी वाढली १० टक्के. भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया १.८ ची पॉवर होती १८० पीएस, आणि २०१७ च्या २ लिटर व्हीआरएसची २३०. म्हणजे जवळपास २८ टक्के जास्त! मग वरचे १८ टक्के कुठून आले? मुख्यतः हवेतून. टर्बोचा बूस्ट १ बारवरून १.५ वर नेला, तर बाहेरच्या हवेचा दाब धरून २ चे २.५ होतात, म्हणजे इंजिनात सुमारे २५ टक्के जास्त हवा. (हवा गरम होते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी.) शेवटी किती पॉवर मिळणार हे टर्बो किती हवा ढकलू शकतो त्यावर ठरतं.

मग लोक सीसी वाढवतात कशाला? मोठा टर्बो उशिरा जागा होतो. जास्त सीसी म्हणजे त्याच आरपीएमला जास्त एक्झॉस्ट, आणि टर्बो लवकर फिरतो. आमच्या भाषेत, टर्बो म्हणजे थ्रूपुट आणि सीसी म्हणजे लेटन्सी कमी करणं. ट्रकला ओव्हरटेक करताना पाय दाबल्यावर गाडी लगेच उठते, ती त्यामुळे. ही गंमत खोटी नाही, मला स्वतःला आवडते. पण किंमत आहे: ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटरवरून २० वर जातो, आणि रॉड-बेअरिंगवर ताण वाढतो.

आणि मित्राच्या डोक्यात नव्हतं ते इथे येतं. त्याच्या गाडीचा सात गिअरचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे, २५० एनएम टॉर्कसाठी बनवलेला. इंजिन कंपनीकडूनच तेवढा टॉर्क देतं! व्हीआरएसचा टॉर्क ३५० एनएम, म्हणून तिला सहा गिअरचा वेट क्लचवाला डीएसजी दिला होता. म्हणजे सोयाबीनचे पैसे इंजिनात गेले, तरी पहिला बळी क्लचचा.

अजून एक, आरसीवर सीसी छापलेली असते. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. ॲक्सिडेंट झाला आणि इन्शुरन्सवाल्याने इंजिन तपासलं, तर क्लेम अडकू शकतो. ट्रॅकसाठी वेगळी गाडी बनवायची असेल तर गोष्ट निराळी. रोज नांदेडला जायच्या गाडीचं मी हे करणार नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं, चहा तीनदा झाला. तो काहीच बोलला नाही. मागच्या आठवड्यात रात्री मेसेज आला: "जुनी व्हीआरएस कितीला बसते रे?"