फायबर घेताय? आधी 'पॉन' विचारा!

'हंड्रेड पर्सेंट फायबर!' हे शब्द ऐकले की आपण खूश. पण बॉस, फायबर-फायबरमध्येही फरक असतो. संध्याकाळी सातच्या क्लायंट कॉलवर चेहरा फ्रीज झाला, की तो चांगलाच जाणवतो.

आधी बेसिक फंडा. घरात येणारी ती काचेची तार पूर्ण आपली नसते. कंपनीच्या सेंटरमधून निघालेली एकच फायबर स्प्लिटरमधून फुटून साधारण ३२ किंवा ६४ घरांत जाते. या रचनेला म्हणतात 'पॉन'. तिच्यात दोन मोठी घराणी : 'जीपॉन' (स्टँडर्ड २००३ पासून) आणि 'ईपॉन' (२००४).

आकड्यांची मॅच

जीपॉनचा डाउनलोड २.४८८ जीबीपीएस, अपलोड १.२४४. ईपॉन दोन्हीकडे १.२५. म्हणजे अपलोडमध्ये बरोबरी? नाही! ईपॉन दर ८ बिट्ससाठी १० बिट्स पाठवतं. २० टक्के इथेच गेले, हातात उरला १ जीबीपीएस. जीपॉनलाही वरखर्च आहे, पण बराच कमी. ३२ घरं एकदम डाउनलोडला बसली, तर ढोबळ हिशेबाने जीपॉनवर प्रत्येकी ७८ एमबीपीएस मिळतात, ईपॉनवर ३१. सगळे एकाच वेळी बसत नाहीत, म्हणून आपलं निभावतं.

अपलोडची पाळी

अपलोडला प्रत्येक घराला पाळी मिळते, अगदी काही मायक्रोसेकंदांची. पाळी संपत आली आणि पुढचं पॅकेट मोठं असेल, तर जीपॉन त्याचे तुकडे करून उरलेली जागा भरतं. ईपॉन पॅकेट तोडत नाही, त्यामुळे ती जागा रिकामीच जाते. चौथ्या सीटवर बसायला सगळेच तयार नसतात!

मग ईपॉन घेतं कोण? जपानमधलं घरोघरचं फायबर मुख्यतः त्यावरच वाढलं. कारण सोपं : ऑफिसच्या लॅनमधलं इथरनेट जवळपास जसंच्या तसं, त्यामुळे उपकरणं साधी आणि स्वस्त. आपल्याकडेही लोकल केबलवाल्यांकडे ईपॉन सापडतं. खेडोपाडी फायबर नेणाऱ्या 'भारतनेट'ने मात्र जीपॉन निवडलं.

पुढच्या पिढीत ही दरी बुजत आली. २००९ च्या १०जी-ईपॉनने ६४ बिट्समागे फक्त दोनच जादा बिट्स ठेवले, म्हणजे वरखर्च जेमतेम ३ टक्के. २०१६ मध्ये जीपॉन घराण्याचं 'एक्सजीएस-पॉन' आलं, दोन्हीकडे १० जीबीपीएसचं. पण वाटेकरी दोघांकडेही आहेतच.

म्हणून नवं कनेक्शन घेताना मी तीन गोष्टी विचारते. जीपॉन की ईपॉन? एका फायबरवर किती घरं? अपलोड किती? (पहिलं उत्तर बऱ्याचदा बॉक्सखालच्या लेबलवरच असतं.) डाउनलोडचा आकडा विचारावा लागत नाही. तो समोरचा स्वतःच सांगतो, मोठ्ठ्या अक्षरांत!