चौकट सुगम, कागद मुका

सरकारी सेवा समजून घेताना : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण यूडीआयडी कार्डापर्यंत, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रापर्यंत आलो होतो. दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी असेल तर पांढरं, 40 ते 80च्या मध्ये पिवळं, 80 आणि त्यापुढे निळं. कार्ड हाती आलं की शासनदरबारी ओळख पक्की. पण ती दाखवायची कुठे? कचेरीच्या खिडकीची जागा आता संकेतस्थळानं घेतली आहे. निराधारचा पगार असो, उत्पन्नाचा दाखला असो की मुलाची शिष्यवृत्ती, परभणीपासून पालम-सोनपेठपर्यंत एकच वाक्य कानावर पडतं : 'ऑनलाइन करून आणा.' ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचे हात चालत नाहीत, त्यानं ते कसं करायचं, हा आजचा विषय.

दृष्टिहीनाला मोबाइल काय कामाचा, असं अजूनही बरेच जण विचारतात. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतं. पडद्यावर बोट फिरवाल तसं ते वाचून दाखवतं, मराठीतही. संगणकासाठी 'एनव्हीडीए' आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006मध्ये ते लिहायला घेतलं आणि आजही ते फुकट मिळतं. म्हणजे माणसाच्या बाजूनं तयारी आहे. अडतं ते अर्जाच्या बाजूनं.

अर्ज बनवणाऱ्यानं प्रत्येक रकान्याला त्याचं नाव आतून जोडलेलं असेल, तर फोन म्हणतो, 'वडिलांचे नाव, लिहा'. नाव नुसतंच शेजारी छापलेलं असेल, तर डोळस माणसाला फरक कळतही नाही. दृष्टिहीनाला मात्र ऐकू येतं, 'एडिट बॉक्स... एडिट बॉक्स... बटण'. कुठल्या चौकोनात आधार क्रमांक आणि कुठल्यात पिनकोड, हे अंदाजानं ठरवायचं. जन्मतारखेसाठी छोटं कॅलेंडर उघडतं आणि ते फक्त माउसलाच ओळखतं. एवढं सगळं पार करून शेवटी कॅप्चा : वाकडीतिकडी अक्षरं, तीही चित्रात. चित्रातली अक्षरं फोन वाचत नाही, कारण यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणूनच ती तशी काढलेली असतात. माणूस आणि यंत्र वेगळं ओळखण्याची ही युक्ती दृष्टिहीनाला यंत्राच्या रांगेत बसवते. आवाजी कॅप्चा ठेवला किंवा कॅप्चाऐवजी नुसता ओटीपी घेतला तरी हे निभतं, मात्र ओटीपी टाकायला पुरेसा वेळ द्यायला हवा.

एवढं अडल्यावर माणूस काय करतो? गावच्या सेवा केंद्रावर जातो. तिथं आधार क्रमांक सांगतो, बँकेचं पासबुक देतो, मोबाइलही हातात देतो, कारण ओटीपी त्यातच येणार. केंद्रचालक बहुतेक वेळा भला असतो, आधीच 'सर्व्हर डाऊन'नं पिडलेला असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या सेवेसाठी दिव्यांगाला आपलं सगळं खासगी दुसऱ्याच्या हवाली करावं लागतं, तिला घरपोच सेवा म्हणणं मला पटत नाही.

आता मराठीचं स्वतःचं दुखणं. परभणी जिल्ह्याचं अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या सामाईक चौकटीवर उभं आहे. 'सुगम्य' हा शब्द त्या चौकटीच्या नावातच आहे आणि ती खरोखर बरी आहे : अक्षरं लहानमोठी करता येतात, रंगांचा उठाव बदलता येतो, थेट मुख्य मजकुरावर उडी मारता येते. घोटाळा होतो तो अशा चौकटीवर टांगल्या जाणाऱ्या कागदांत. पत्र टाइप होतं, छापलं जातं, साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, मग ते स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवलं जातं. आपल्याला ते पत्र दिसतं, टॉकबॅक-एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरसाठी तो कागदाचा फोटो असतो. स्क्रीन रीडर म्हणतो, 'रिकामे पान'. दिव्यांगांच्याच योजनेचं परिपत्रक असं मुकं निघतं, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

स्कॅन नसलेल्या जुन्या फायलींचीही कथा फार वेगळी नाही. युनिकोडच्या आधी आपल्याकडे श्रीलिपीसारख्या फाँटांचं राज्य होतं. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असायचे. पानावर 'परभणी' दिसतं, पण आत भलत्याच इंग्रजी अक्षरांची माळ असते आणि वाचक-यंत्र तीच वाचतं. युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ फाइल थेट पीडीएफ केली आणि सही डिजिटल घेतली, तर हा प्रश्न उरतच नाही. याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. सवय बदलावी लागते, आणि आपल्या कचेऱ्यांत नेमकं तेच जड जातं.

कर्णबधिरांचं अडणं निराळं. 'अधिक माहितीसाठी फोन करा' हे वाक्य त्यांच्या कामाचं नाही; एसएमएस किंवा ईमेलचा पर्याय हवा, चित्रफितीखाली मजकूर हवा. बरा झालेला कुष्ठरुग्ण अंगठा टेकवतो तर ठसा उमटत नाही. चेहरा दाखवून ओळख पटवताना डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ज्याचे डोळेच नाहीत, किंवा ॲसिडहल्ल्यात पापण्या जळाल्या आहेत, त्यानं काय करावं?

हा शेवटचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या, तसंच एका दृष्टिहीन वकिलाच्या याचिकेवर 30 एप्रिल 2025 रोजी निकाल लागला. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि 20 निर्देश दिले. उघडझापेला पर्याय द्या, अंगठा स्वीकारा, कागदी केवायसी बंद करू नका, संकेतस्थळांची सुगमता तपासून घ्या, हे त्यांतले काही. त्याआधी 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रातुरी प्रकरणात न्यायालयानं दिव्यांग हक्क कायद्याखालच्या 2017च्या नियमांतला नियम 15(1) अवैध ठरवला होता. कायदा सक्तीचा, पण त्याखालचे निकष मात्र निव्वळ शिफारशी, ही विसंगती त्यानं दाखवली आणि बंधनकारक निकष बनवायला केंद्राला तीन महिने दिले. मूळ दिव्यांग हक्क कायदा 2016चा आहे. त्याचं कलम 42 माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेबद्दल आहे आणि कलम 89 दंडाबद्दल : पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुढे 50 हजार ते 5 लाख. संकेतस्थळांचे सरकारी मार्गदर्शक निकष तर 2009पासून आहेत. निकष आहेत, कायदा आहे, निकाल आहेत. तपासणारं कुणी तालुक्याला दिसत नाही.

माझ्या मते तपासणीची सोपी रीत एकच. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. नवा अर्ज सुरू करण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या दृष्टिहीन, एखाद्या कर्णबधिर व्यक्तीला तो मदतीशिवाय भरायला द्यावा, आणि त्या वेळेचा मोबदलाही द्यावा. जिथं ते अडतील तिथं अर्ज चुकला आहे, असं समजावं.

तोवर वाचकांनी एवढं करावं. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी दिव्यांग अशा अर्जाशी अडला, तर नुसता त्याच्या वतीनं अर्ज भरून मोकळे होऊ नका. अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि सेवेचं नाव लिहा, नेमकं काय चाललं नाही ते दोन ओळींत मांडा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाबरोबर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयालाही लेखी तक्रार पाठवा. अशा तक्रारींत लक्ष घालण्याचा अधिकार राज्य आयुक्तांना 2016च्या कायद्यानंच दिला आहे. पोच मात्र मागून घ्या.