नेट बंद पडलं? मॉडेम बदलण्याआधी अडॅप्टर तपासा

अंजनवेल (ता. गुहागर) : पावसाळ्यातली रात्र. ढगांचा गडगडाट झाला, लाईट गेली आणि तासाभराने परत आली. पंखा फिरला, फ्रीज सुरू झाला, पण वायफायच्या डब्यावरचा एकही दिवा पेटला नाही. मुलाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस आणि मोबाईलला रेंज मिळते ती फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात. मग घरात एकच बोललं जातं, "मॉडेम जळला!"

दुसऱ्या दिवशी शृंगारतळी नाहीतर चिपळूणची फेरी होते. अर्धा दिवस जातो, गाडीभाडं जातं आणि दीड-दोन हजारांचा नवीन डबा घरी येतो. पुष्कळदा मात्र जुना डबा ठणठणीत असतो. मेलेला असतो तो त्याचा छोटा काळा अडॅप्टर, ज्याला आपण चार्जर म्हणतो. तो साधारण दोन-तीनशे रुपयांत मिळतो. म्हणून पैसे काढण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्यावीत. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

अडॅप्टर आधी का मरतो?

अंजनवेलच्या शेजारी १,९६७ मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प उभा आहे. एन्रॉनच्या काळापासून सगळा महाराष्ट्र गावाला त्याच नावाने ओळखतो. पण प्रकल्पाची वीज मोठ्या वाहिन्यांनी दूर जाते. आपल्या घरातली लाईट गावच्या डीपीवरून, नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या फांद्यांमधून आलेल्या तारांवरून येते. झावळ पडली, फांदी घासली की ती लपकझपक करते. तो प्रत्येक झटका सर्वांत आधी अडॅप्टर झेलतो.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी. मॉडेमला लागते १२ किंवा ९ व्होल्टची, एका दिशेने वाहणारी डीसी. हा बदल अडॅप्टर करतो, तोही चोवीस तास. त्याच्या आत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. ते वीज साठवून तिचा प्रवाह एकसारखा ठेवतात. सततच्या गरमीने त्यांच्यातला द्रव हळूहळू सुकतो आणि त्यांची ताकद कमी होते. त्यात आपल्याकडे खाडीची खारी हवा. पिनांना गंज चढतो, आणि उबेला आलेल्या मुंग्या आत घर करतात.

पहिलं काम : दिवे बघा

एकही दिवा नाही : आधी त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून पाहा. तो चालला नाही तर दोष बोर्डात किंवा सॉकेटमध्ये आहे. तो चालला तर संशय अडॅप्टरवर. मॉडेमच्या मागचं बटण चुकून बंद झालंय का, तेही पाहा. साफसफाई करताना ते बरेचदा दाबलं जातं.

दिवे लागतात, पण सगळे एकदम विझून पुन्हा पेटतात : मॉडेम पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतोय. हे थकलेल्या अडॅप्टरचं ठळक लक्षण. एक-दोन मोबाईल जोडलेले असताना नेट चालतं आणि चार जोडले की डबा बंद पडतो, तेव्हाही आधी अडॅप्टरच तपासावा.

एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल लुकलुकतो : हे फायबरच्या कनेक्शनसाठी. अडॅप्टर आणि मॉडेमला वीज मिळतेय, पण काचेच्या तारेतून येणारा उजेड पोचत नाही. केबल कुठेतरी तुटली, दुमडली किंवा माकडांनी ओढली असेल. इथे अडॅप्टर बदलून काही होणार नाही, तक्रारच करावी लागेल.

एल-ओ-एस विझलेला, पी-ओ-एन हिरवा स्थिर, तरी नेट नाही : लाईन ठीक आहे. रिचार्ज संपलाय का, ते पाहा. नसेल तर दोष कंपनीच्या बाजूला किंवा सेटिंगमध्ये असू शकतो.

दुसरं काम : अडॅप्टरवरचं लेबल वाचा

अडॅप्टरवर बारीक अक्षरात 'आउटपुट' लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १ अँपियर. हेच आकडे मॉडेमच्या खालच्या लेबलशी जुळवा. शेजाऱ्याकडचा किंवा टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावून बघायचा असेल तर चार गोष्टी पाहा.

१. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. ९ व्होल्टच्या मॉडेमला १२ चा अडॅप्टर लावला तर चांगला मॉडेमही जळू शकतो.
२. अँपियर तेवढेच किंवा जास्त चालतात. १ च्या जागी दीड किंवा २ चा लावला तर बिघडत नाही, कारण मॉडेम लागेल तेवढंच ओढतो. अर्ध्या अँपियरचा मात्र लावू नका.
३. पिनेच्या आतलं टोक प्लस की मायनस, याचं गोल चित्र दोन्ही लेबलांवर असतं. ते सारखंच हवं.
४. पीन घट्ट बसली पाहिजे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक वेगळं असू शकतं. सैल पिनेने मॉडेम हलवला की बंद पडतो.

चारही जुळलं आणि दुसऱ्या अडॅप्टरवर दिवे लागले, तर निकाल लागला. मॉडेम वाचला. नवीन अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघून घ्या.

मीटर लावला, १२ दाखवतो, तरी चालत नाही?

गावातल्या वायरमनकडे मल्टिमीटर असतो. काटा किंवा बटण डीसी २० व्होल्टवर ठेवून अडॅप्टरची पीन तपासता येते. शून्य आलं तर अडॅप्टर गेला. पण १२ आलं म्हणून तो चांगला असं धरू नका. हे म्हातारा बैल गोठ्यात उभा राहिल्यासारखं आहे. उभा असतो तोवर धडधाकट दिसतो, नांगराला जुंपला की कळतं. मॉडेम जोडल्यावर ओझं पडतं आणि तेव्हाच थकलेल्या अडॅप्टरचे व्होल्ट खाली येतात. म्हणून खरी परीक्षा दुसरा अडॅप्टर लावून पाहण्याचीच.

या चुका टाळा

मॉडेमच्या मागे बारीक भोकात रिसेटचं बटण असतं. नेट गेलं की काही जण त्यात सुई घालतात. ते धरून ठेवलं की कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि बाकी सेटिंग पुसलं जाऊ शकतं. मग अडॅप्टर चांगला असला तरी माणूस आल्याशिवाय नेट येत नाही. बंद-चालू करायचं असेल तर बोर्डाचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा लावा. तेवढं पुरतं.

अडॅप्टर फोडून दुरुस्त करू नका. आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतो. जळका वास, वितळलेलं प्लास्टिक किंवा गुणगुण आवाज आला तर तो अडॅप्टर पुन्हा लावूच नका. फायबरची पिवळी किंवा काळी बारीक तार ओढू नका, खिळ्याभोवती गुंडाळू नका. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका. त्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

वीज चमकते तेव्हा

बोर्डाचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मॉडेम जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवर असेल तर तीही तार काढा, कारण झटका तिच्यातूनही येतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या वाटेने येतेच. गडगडाट अगदी जवळ आला असेल तर मात्र वायरींना हात लावू नका. हे काम ढग दाटताच करायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, तो पाहून आधीच प्लग काढता येतो.

दिवे अचानक भगभगीत पेटले, पंखा जोरात फिरायला लागला तर तारेवरचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. लगेच मेन स्विच बंद करा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. अशा वेळी अडॅप्टरच काय, टीव्ही, फ्रीजही जातात.

लाईट गेल्यावरही नेट हवं असेल तर

साधारण मॉडेम १० वॅटच्या आसपास वीज खातो. चोवीस तास चालला तर महिन्याला सात युनिटच्या घरात. त्यासाठी मोठा इन्व्हर्टर नको. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. ८,८०० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने ३२ वॅट-तास. थोडी घट धरली तर दहा वॅटच्या मॉडेमला अडीच-पावणेतीन तास. आणि जिथून लाईन येते त्या केंद्राचीच बॅटरी संपली, तर आपला यूपीएस असूनही उपयोग नाही.

तक्रार करताना

फायबरचा डबा अनेकदा कंपनीच्याच मालकीचा असतो. अशा वेळी नवा विकत घेण्याआधी, बदलून देणार का, ते विचारा. फोनवर "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. कोणता दिवा लाल, कोणता बंद, दुसरा अडॅप्टर लावून पाहिला की नाही, हे सांगा. त्यामुळे येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दखल घेतली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आणखी एक काम आजच, लाईट असताना करून ठेवा. मॉडेम आणि अडॅप्टर दोन्हींच्या लेबलांचा मोबाईलवर फोटो काढा. मुंबईहून कोणी चाकरमानी गावी येणार असेल तर तो फोटो पाठवून एक जादा अडॅप्टर मागवून घ्या. पावसाच्या रात्री फॉर्म भरायचा असेल, तेव्हा तो डब्यातून काढून लावता येईल.