भयपट आणि कॅथॉलिकांचा धर्मविचार

भीति वाटावी म्हणून पदरचे पैसे खर्चून चित्रपट पाहावयास जाणें, ही गोष्ट वरवर पाहतां चमत्कारिक वाटते. परंतु भरतमुनींनीं शृंगार-वीरांच्या पंक्तींत भयानक व बीभत्स या रसांनाही बसविलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या हौसेचें फारसें नवल वाटत नाहीं. सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीनें हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न होय. रोमन कॅथॉलिक प्रेक्षकाचें तसें नाहीं. इतरांना पडद्यावरचा सैतान हा कल्पनाविलास वाटतो. त्याच्या धर्मांत सैतान हें सत्य मानलेलें आहे. ज्याच्यापासून आपलें रक्षण व्हावें अशी तो प्रार्थना करतो, त्याचाच खेळ त्यानें करमणुकीसाठीं पाहावा काय? वसईपासून गोमंतकापर्यंत आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या कॅथॉलिक घरांतही हा प्रश्न उठणें स्वाभाविक आहे. पण त्याचा जाहीर ऊहापोह विशेषेंकरून झाला तो अमेरिकेंत व रोममध्यें. तो कसा झाला, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१९३० सालीं हॉलिवुडच्या चित्रपटांसाठीं जी नीतिनियमावली तयार झाली, तिच्या लेखनांत डॅनिअल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरु आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथॉलिक प्रकाशक यांचा मुख्य हात होता. पुढच्याच वर्षीं 'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेन्स्टाइन' हे दोन बोलपट आले आणि भयपटांची लाट उसळली. नियमावली कागदावरच राहते असें दिसून आल्यावर कॅथॉलिक बिशपांनीं १९३३-३४ मध्यें 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही संघटना उभी केली. निर्दोष चित्रपट 'ए', अंशतः आक्षेपार्ह तो 'बी' आणि सर्वथा त्याज्य तो 'सी', अशी वर्गवारी ती प्रसिद्ध करी. वाईट चित्रपटांस जाणार नाहीं, अशी प्रतिज्ञा भाविकांकडून दरवर्षीं चर्चमध्यें म्हणवून घेण्यांत येई. १९३६ सालीं पोप अकरावे पायस यांनीं या चळवळीची जाहीर प्रशंसा केली.

या पद्धतीचा गुण म्हणजे तिची सुलभता, आणि दोषही तोच. यादींतील अक्षर पाहिलें कीं काम भागलें. चित्रपट वाईट कां, याचा विचार करण्याचें कारणच उरत नसे. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रसारसाधनांविषयीं जो निर्णय प्रसिद्ध केला, त्यांत विचाराची दिशा अधिक सूक्ष्म झालेली दिसते. दुष्टतेचें चित्रण संयमानें केलें असतां मनुष्यस्वभावाचें ज्ञान अधिक खोल होऊं शकतें व सत्याची थोरवी उजळून दिसते, असें त्यांत मान्य केलें आहे. त्याबरोबरच प्रेक्षकानें आपला सदसद्विवेक घडवावा आणि घरांत काय येतें यावर आईबापांनीं नजर ठेवावी, असेंही बजावलें आहे.

हा विवेक कसा चालतो, हें दोन चित्रपटांवरून चांगलें समजतें. दोहोंतही सैतान आहे. १९६८ सालच्या 'रोझमेरीज बेबी' या चित्रपटास अमेरिकन कॅथॉलिक चित्रपट-कार्यालयानें 'सी' वर्गांत टाकलें. नग्नता हें एक कारण होतें; दुसरें व अधिक गंभीर कारण म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा केलेला विकृत उपयोग. ख्रिस्तजन्माच्या कथेची ती जणूं उलटी नक्कल आहे, आणि अखेरीस जय होतो तो दुष्टांचा. १९७३ सालचा 'द एक्झॉर्सिस्ट' त्याहून कितीतरी अधिक भयंकर. त्यांत क्रूसाची जी विटंबना दाखविली आहे, ती पाहून अनेक भाविक आजही व्यथित होतात. तरीही अमेरिकन बिशपांच्या परीक्षणसंस्थेनें तो निषिद्ध न ठरवितां, प्रौढांनींच व तोही सावधपणें पाहावा, अशा वर्गांत घातला. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे स्वतः कॅथॉलिक. जेझुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठांत शिकत असतांना १९४९ सालीं वर्तमानपत्रांत वाचलेल्या एका वृत्तावरून त्यांना ही कथा सुचली. कथेंतील तरुण धर्मगुरूची श्रद्धा डळमळीत झालेली आहे. पण एका परक्या मुलीला वाचविण्यासाठीं तो शेवटीं स्वतःचा प्राण देतो. पहिल्या चित्रपटांत भीतीच्या पोटीं निराशा आहे, दुसऱ्यांत आत्मत्याग आहे. निवाड्यांतील फरकाचें मर्म, माझ्या मतें, येथें आहे.

या मताला रोमहूनही पुष्टि मिळते. चित्रपटकलेस शंभर वर्षें झालीं त्या निमित्तानें १९९५ सालीं व्हॅटिकननें पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या कलाविभागांत मुर्नाउ यांचा १९२२ सालचा 'नोस्फेराटू' हा जर्मन मूकपट आहे. मेलेला उमराव रात्रीं उठून माणसांचें रक्त शोषितो, असें त्याचें कथानक. आणि त्या पिशाचाचा नाश होतो तोही एका स्त्रीच्या आत्मबलिदानानें.

मग धोका मुळींच नाहीं काय? आहे, पण तो पडद्यावरील भुतापेक्षां प्रेक्षकाच्या मनांत मागें राहणाऱ्या समजुतींत आहे. 'एक्झॉर्सिस्ट'मधील मुलगी प्लँचेटशीं खेळते. असा चित्रपट पाहणें आणि घरीं येऊन प्लँचेट मांडणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत. मृतात्म्यांना बोलावणें व भविष्य काढणें हें कॅथॉलिक धर्मशिक्षणांत स्पष्टपणें निषिद्ध आहे. दुसरी समजूत याहून घातक. ती म्हणजे विचित्र वागणारें माणूस झपाटलेलेंच असावें ही. १६१४ च्या रोमन विधिग्रंथांतही धर्मगुरूला आरंभींच ताकीद आहे कीं, अमुक मनुष्य झपाटलेला आहे असें सहजासहजीं मानूं नये. आजच्या नियमांप्रमाणें भूतोच्चाटनाचा मुख्य विधि बिशपांच्या खास अनुज्ञेवांचून करतां येत नाहीं, आणि तत्पूर्वीं तो आजार नाहीं याची खात्री करून घ्यावी लागते.

ही सावधगिरी सुटली तर काय होतें, याचें दारुण उदाहरण जर्मनींत घडलें. ॲनेलीज मिशेल या विद्यार्थिनीवर अपस्माराचे उपचार झाले होते. पुढें बिशपांच्या अनुज्ञेनें तिच्यावर ६७ वेळां भूतोच्चाटनाचे विधि झाले. तिनें अन्न सोडलें, आणि १९७६ सालीं वयाच्या तेविसाव्या वर्षीं कुपोषणानें व निर्जलतेनें ती मरण पावली. १९७८ सालीं न्यायालयानें तिच्या आईबापांस व दोन धर्मगुरूंस हलगर्जीपणानें मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविलें. अनुज्ञा होती; डॉक्टर मात्र जवळ नव्हता. याच घटनेच्या आधारें २००५ सालीं 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' हा चित्रपट निघाला. तो पाहणाराला त्यामागील खरी हकीकत ठाऊक असणें अगत्याचें आहे.

सारांश, कॅथॉलिकानें भयपट पाहूंच नयेत असा सरसकट निषेध नाहीं, आणि वाटेल तो पाहावा अशी मोकळीकही नाहीं. भीतीच्या द्वारें कथेला काय सांगावयाचें आहे, आणि पाहणाराची पेलण्याची शक्ति किती, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे. दुसऱ्याच्या यातना पाहून नुसती मौज वाटूं लागली, तर तो चित्रपट सोडून उठणें बरें. पूर्वीं चित्रपटगृहाचें दार टाळलें म्हणजे प्रतिज्ञा पाळली जाई. आतां चित्रपट दूरदर्शनसंचावर व हातांतल्या फोनवर घरींच येतो. कोवळ्या वयाच्या मुलाला अशा चित्रांसमोर एकटें सोडूं नये. मोठ्या मुलानें हट्ट धरला तर आईबापांनीं त्याच्याजवळ बसून तो पाहावा आणि नंतर त्याच्याशीं निवांत बोलावें. ही गोष्ट कॅथॉलिक घराइतकीच इतर घरांनाही लागू आहे.