नंबर लागला म्हणजे काटा झाला, असं नाही

हंगामात पाटसला कारखान्यावर उसाची गाडी पोचली की आधी नंबर मिळतो. मग गाडी तळावर रांगेत उभी राहते. पाळी आली की भरल्या गाडीचा काटा होतो, गव्हाणीपाशी ऊस उतरतो, रिकाम्या गाडीचा पुन्हा काटा होतो आणि मगच वजनाची पावती हातात पडते. नंबरच्या चिठ्ठीला वजनाची पावती समजण्याची चूक शिरूर-दौंडचा एकही शेतकरी करणार नाही. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर नव्यानं कामाला लागलेली मुलं मात्र नेमकी हीच चूक करतात. आपल्या दोन्ही तालुक्यांतली मुलं नगर रस्त्यानं खराडीला आणि दौंडहून रेल्वेनं पुण्याला आयटीच्या नोकरीसाठी जातात. त्यांतल्या काहींच्या वाट्याला मेनफ्रेम येतं. फाइल पाठवण्याच्या साध्या आज्ञांनी, म्हणजे एफटीपीनं, मेनफ्रेमवरचे जॉब कसे चालवायचे, याबद्दलचे काही गैरसमज त्यांच्यासाठी इथं दूर करतो.

गैरसमज 1 : मेनफ्रेम आता इतिहासजमा झालं.

वस्तुस्थिती : आयबीएमनं सिस्टिम/360 हे घराणं 1964 मध्ये जाहीर केलं. त्याच घराण्यातलं झेड17 हे यंत्र 2025 मध्ये आलं. मोठ्या बँका आणि विमा कंपन्या रात्री मेनफ्रेमवर लाखो खात्यांचे हिशेब एकगठ्ठा उरकतात, त्यालाच बॅच म्हणतात. ही पद्धत आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा संगणक आला. त्या काळी संशोधक छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचे आणि छापील निकालासाठी नंतर परत यायचे. आज गठ्ठ्याच्या जागी फाइल आली आहे, खिडकीच्या जागी नेटवर्क आलं आहे. रांग तशीच आहे.

गैरसमज 2 : एफटीपी फक्त फाइल इकडून तिकडे नेते.

वस्तुस्थिती : एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. मसुदा लिहिला तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते. मूळ काम फाइल नेण्याचंच होतं. झेड/ओएस या आयबीएमच्या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवर मात्र या आज्ञांना दुसरा अर्थही आहे. लॉगिन झाल्यावर ‘क्वोट साइट फाइलटाइप=जेईएस’ असं सांगितलं की समोरचा सर्व्हर फाइलच्या गोदामाऐवजी जेईएसशी बोलू लागतो. जेईएस म्हणजे जॉबची रांग, पाळी आणि आउटपुट सांभाळणारी यंत्रणा. मग ‘पुट’ म्हणजे जॉब सबमिट करणं, ‘डिर’ म्हणजे रांग पाहणं, ‘गेट’ म्हणजे आउटपुट आणणं आणि ‘डिलीट’ म्हणजे तो जॉब आउटपुटसकट पुसून टाकणं.

ही एक ओळ विसरलात तर ‘पुट’ केल्यावर जेसीएलची, म्हणजे जॉबच्या सूचनांची, फाइल नुसतीच एका डेटासेटमध्ये जाऊन पडते, चालत काहीच नाही. उलट, काम संपल्यावर ‘फाइलटाइप=एसईक्यू’ करून परत आला नाहीत तर पुढची साधी डेटा फाइलसुद्धा जॉब समजून जेईएसकडे ढकलली जाते. दोन्ही चुका मी नव्या मुलांच्या हातून होताना पाहिल्या आहेत.

गैरसमज 3 : 250 आलं म्हणजे जॉब झाला.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ‘पुट’ केल्यावर सर्व्हर 250 या क्रमांकाचं उत्तर देतो. त्यातच सांगतो की जेईएसला हा जॉब ‘जॉब00123’ अशा नंबरानं माहीत आहे. हा झाला गाडीचा नंबर. जॉब अजून रांगेत असेल, चालू असेल किंवा जेसीएलच्या चुकीमुळे सुरूच झाला नसेल. तिन्ही बाबतींत उत्तर 250 हेच राहतं.

सुरुवातीच्या दिवसांत एका ठिकाणी मी लिहिलेली स्क्रिप्ट 250 पाहून पुढच्या जॉबकडे वळत असे. एका रात्री पहिल्या जॉबच्या जेसीएलमध्ये एक स्वल्पविराम राहिला. तो जॉब सुरूच झाला नाही. पुढचे तीन जॉब आदल्या दिवशीच्या फाइलवर बिनतक्रार चालले. सकाळी अहवाल वेळेवर निघाला होता, पण आकडे कालचे होते. स्क्रिप्टमध्ये एकाही ठिकाणी चूक दिसत नव्हती, कारण चूक शोधायला मी तिला सांगितलंच नव्हतं.

खरी पावती ‘डिर’मध्ये मिळते. सर्व्हरवर ‘जेईएसइंटरफेसलेव्हल’ 2 असेल तर जॉबच्या ओळीत स्थिती दिसते : इनपुट, अ‍ॅक्टिव्ह किंवा आउटपुट. काम संपलेल्या जॉबपुढे ‘आरसी=0000’, अबेंडचा, म्हणजे जॉब मध्येच कोसळल्याचा, कोड किंवा ‘जेसीएल एरर’ लिहून येतं. ही ओळ वाचल्याशिवाय पुढचा जॉब सोडायचा नाही.

गैरसमज 4 : जॉब संपला की आउटपुट केव्हाही उचलता येतं.

वस्तुस्थिती : आउटपुट स्पूलवर, म्हणजे जेईएसच्या तात्पुरत्या साठ्यात, थांबवून ठेवलेलं असावं लागतं. जॉब कार्डावरचा ‘एमएसजीक्लास’ राखून ठेवणाऱ्या वर्गाचा हवा. छपाईच्या वर्गात गेलेलं आउटपुट छापून निघून जातं आणि तुमच्या ‘गेट’च्या हाती काही लागत नाही. नावाचीही अट आहे. ‘जेईएसइंटरफेसलेव्हल’ 1 वर जॉबचं नाव तुमचा युजर आयडी आणि पुढे एक अक्षर असंच लागतं. एरवी जॉब चालतो, पण तुम्हाला दिसत नाही. लेव्हल 2 वर नाव, मालक आणि स्थिती यांनुसार जॉब शोधता येतात. मात्र कोणी काय पाहायचं हे तिथले सुरक्षेचे नियम ठरवतात. एका जॉबच्या सगळ्या स्पूल फाइल हव्या असतील तर ‘गेट जॉब00123.एक्स’, एकच हवी असेल तर एक्सच्या जागी तिचा क्रमांक.

गैरसमज 5 : फाइल कशीही पाठवली तरी चालते.

वस्तुस्थिती : मेनफ्रेमची अक्षरं एब्सिडिकमध्ये असतात, आपल्या लॅपटॉपची आस्कीमध्ये. जेसीएल टेक्स्ट म्हणूनच पाठवायचं, म्हणजे रूपांतर वाटेत होतं. बायनरीत पाठवलं तर जेईएसला त्यात जॉब कार्डच सापडत नाही. ओळही 80 अक्षरांची धरली जाते, आणि जेसीएलचा मजकूर 71 व्या रकान्यापर्यंतच असावा लागतो. ही मापं त्या छिद्रांच्या कार्डांची आहेत. कार्ड गेलं, माप उरलं.

गैरसमज 6 : थांबून राहणारं ‘गेट’ सगळ्यात सोपं, तेच वापरावं.

वस्तुस्थिती : जेसीएल मेनफ्रेमवरच असेल तर एकाच ‘गेट’मध्ये जॉब सबमिट होतो, संपेपर्यंत वाट पाहिली जाते आणि आउटपुट हातात येतं. छोट्या जॉबला हे छान आहे. पण वाट पाहण्याला मर्यादा असते. ठरवून बदलली नसेल तर ती 600 सेकंदांची असते. मुदत संपली की एफटीपी थांबणं सोडते, जॉब मात्र रांगेत चालूच राहतो. ‘फेल झाला’ समजून तोच जॉब पुन्हा सोडला की पगार किंवा व्याज दोनदा लागण्याची वेळ येते. म्हणून पुन्हा सोडण्याआधी रांग पाहायची.

गैरसमज 7 : एफटीपी काय, एसएफटीपी काय, एकच.

वस्तुस्थिती : साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. नेटवर्कवर कान लावून बसलेला कोणीही तो वाचू शकतो, आणि तुमच्या नावानं जॉबही चालवू शकतो. म्हणून टीएलएसनं झाकलेली एफटीपीएस वापरावी. एसएफटीपी ही नावानं जवळची, पण मुळात वेगळी पद्धत आहे. झेड/ओएसबरोबर येणाऱ्या तिच्या आवृत्तीत जेईएसची ही सोय नाही. नव्या कामासाठी झेड/ओएसएमएफ आणि झोवे हे मार्गही आता उपलब्ध आहेत.

साधन कोणतंही घ्या, क्रम एकच ठेवा : सबमिट करा, नंबर टिपून ठेवा, रांग पाहा, निकालाचा कोड वाचा, आउटपुट उतरवून उघडून बघा आणि सगळ्यात शेवटी डिलीट करा. उसाचं निव्वळ वजन रिकाम्या गाडीच्या काट्यानंतरच कळतं. त्याआधी गावाकडे फोन करून टनाचा आकडा सांगणारा चालक मी अजून पाहिलेला नाही.