एमजीबी घरी दुरुस्त करताय? आधी पत्रा, मग इंजिन

जुनी एमजीबी घरच्या गॅरेजमध्ये नव्याने उभी करायची, तर पहिला पैसा इंजिनावर नव्हे, पत्र्यावर जायला हवा. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते. पक्कं छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये तर दाराखालच्या सिल्सवर फार भिस्त, आणि गंज नेमका तिथेच आतून धरतो. वरचा पत्रा बदलून रंग मारला की गाडी देखणी होते, मजबूत होत नाही. सिल कापण्याआधी बॉडीला समतल आधार द्यावा, दाराच्या चौकटीत तात्पुरती पट्टी वेल्ड करावी. नाहीतर बॉडी वाकते आणि दार पुन्हा नीट लागत नाही.

इंजिन सुरू झालं की उत्साह टिकतो, असं कुणी म्हणेल. खरंय, पण 1798 सीसीचं ते साधं इंजिन नंतरही उतरवता येतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 मध्ये नवी कोरी बॉडीच बाजारात आणली, मग ठिगळं कशाला? पार सडलेल्या गाडीला तोच मार्ग बरा. गंज सिल्स आणि फ्लोअरपुरता असेल, तर मात्र मूळ बॉडी वाचवणं स्वस्त पडतं. अर्थात स्वतःची मजुरी हिशेबात धरली नाही तर!