कारिवणा

कारिवणा, म्हणजेच मंडूकपर्णी, ही गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली बहुवर्षायू रानवनस्पती. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. ओढ्याकाठी, पाटाच्या कडेला, विहिरीजवळच्या सतत ओल्या जमिनीवर ती पसरते. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात अशी ओल बारमाही क्वचितच टिकते. जमिनीवर सरपटणाऱ्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, म्हणून तुटलेला तुकडाही नवे रोप होतो. पाने मूत्रपिंडाकृती, कडा दंतुर, देठ लांब. कोथिंबिरीसारखी कातरलेली पाने डोळ्यांपुढे ठेवून शोधणारा हमखास चुकतो. फुले इवलीशी, पानांखाली दडलेली.

कारिवण्याला ‘ब्राह्मी’ही म्हणतात; पण या नावाचा घोळ जुनाच. बाजारात हेच नाव बाकोपा मोनिएरी या मांसल, लहान पानांच्या वेगळ्या कुळातील वनस्पतीलाही मिळते. श्रीलंकेत कारिवण्याची पाने ‘गोटुकोला’ नावाने चिरून, खोबरे घालून खातात.